कोजागिरीला बावीस माणसं आणि ओट्यापाशी अडकलेली यजमानीण

पत्र: मावशी, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते. दोन वर्षांपूर्वी नवीन घर घेतलं तेव्हा यांच्या ऑफिसमधल्यांना आणि बिल्डिंगमधल्यांना बोलावलं होतं. संध्याकाळी सहापासून मी वडे तळत होते. बाहेर हसण्याचे आवाज येत होते, आत मी घामाने निथळत होते. शेवटचा घाणा काढून बाहेर आले, तर लोक चपला शोधत होते. "वहिनी, वडे एक नंबर!" एवढंच कानावर आलं. नंतर फोटो पाहिले, तर मी एकाही फोटोत नाही.

यंदा कोजागिरी आमच्या गच्चीवर करायची ठरवली आहे. ऑफिसचे आठ, बिल्डिंगमधल्या सहा घरांतले अकरा आणि माझ्या शाळेतल्या तीन मैत्रिणी, असे बावीस जण. घरचे आम्ही चौघं वेगळे. बेत असा: ढोकळा, बटाटेवडे, भेळ, पावभाजी, पुलाव, गुलाबजाम आणि मसाला दूध. आठ हजारांपर्यंत खर्च करू शकते. सासूबाई म्हणतात, "दूध घरीच आटवायचं, बाहेरचं चालणार नाही." यांचे दोन मित्र "थोडं बसायचंही" म्हणताहेत. सगळ्यांच्या लक्षात राहील अशी पार्टी कशी करू?
— एकाही फोटोत नसलेली

उत्तर:

अगं, तुझी यादी वाचली आणि पुढे काय होणार ते दिसलंच. पुन्हा तूच ओट्यापाशी. सात पदार्थ, त्यातले दोन तळणाचे, आणि आटवायच्या दुधाचं भलंमोठं पातेलं. तू गच्चीवर पोचशील तेव्हा चंद्र माथ्यावरून कलून गेलेला असेल.

आधी ढोकळा, वडे, पुलाव आणि गुलाबजाम यांच्यावर काट मार. वडे सोडताना जीव तुटेल, कारण तुझं कौतुक झालं ते वड्यांचंच. पण वडा तळल्या तळल्या खायचा पदार्थ. तो ज्या घरी होतो तिथे एक माणूस कढईशी बांधलेलं राहतं, आणि ते माणूस कोण असतं हे आपल्या घरांत विचारावं लागत नाही. गुलाबजाम आणि आटीव दूध एकाच रात्री म्हणजे पाहुण्यांवर सूड उगवणं आहे. उरली भेळ, पावभाजी आणि दूध. तेवढं पुष्कळ झालं.

आता एक जुनी गोष्ट सांगते. तीसेक वर्षं झाली असतील. आम्ही पुण्यात नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो होतो आणि मी तुझ्यासारखीच हौशी. सहा लिटर दूध एकाच पातेल्यात, मोठ्या आचेवर ठेवलं. पाहुणे आले, "या, बसा" करायला मी पाच मिनिटं बाहेर गेले. परत आले तर वास. ज्याचं दूध कधी तळाला लागलंय त्याला तो वास सांगायला नको. मी घाबरून उलथन्याने तळ खरवडला. ती माझी दुसरी चूक. तपकिरी पापुद्रे वर आले आणि सगळ्या पातेल्याला करपट चव आली. दूध लागलं तर ढवळायचं नसतं गं, खालचं न हलवता वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं असतं. पण हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मी रडकुंडीला आले. रात्रीचे साडेनऊ, डेअरी बंद. समोरच्या काकूंनी आत डोकावून पाहिलं, काही न बोलता घरी गेल्या आणि फ्रिजमधलं उद्याच्या चहाचं दूध घेऊन आल्या. मग तिसऱ्या मजल्यावरून एक पिशवी आली. खालच्या घरातून गाईचं पातळ दूध आलं, कुणी विरजणाला काढून ठेवलेलं आणलं. तासाभरात पातेलं भरलं. सगळे स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने उभे, एकजण ढवळतोय, दोघी बदाम सोलताहेत, मुलं पिस्त्यांवर डल्ला मारताहेत. दूध म्हणशील तर पाण्यासारखं झालं होतं. पण त्या बिल्डिंगमधली माणसं आजही भेटली की त्याच कोजागिरीबद्दल बोलतात. पुढच्या वर्षी मी व्यवस्थित, दाट, केशर घातलेलं दूध केलं होतं. ते कुणालाच आठवत नाही. मलासुद्धा फारसं नाही.

तेव्हापासून मी पाहुण्यांना बिनदिक्कत कामाला लावते. हात रिकामे असलेला पाहुणा भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतो. त्याच्या हातात कांदा आणि सुरी दे, दहा मिनिटांत तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला लागतो की त्याची आजी कांदा कसा चिरायची.

म्हणून तू असं कर. बिल्डिंगमधल्या सहाही घरांना सांग की येताना अर्धा लिटर दुधाची पिशवी आणा. वर्गणी मागायची लाज वाटून घेऊ नकोस, गच्चीवरची कोजागिरी पूर्वीपासून अशीच होत आली आहे. ऑफिसच्या मंडळींना लोकलमधून दूध आणायला लावू नकोस, त्यांना पत्त्यांचे दोन कॅट आणायला सांग. मैत्रिणींना म्हणावं, तासभर आधी या आणि बदाम सोला. शाळेतल्या मैत्रिणींना तेवढ्या गप्पा लागतातच.

दुधाचं गणित मांडते. घरचे धरून तुम्ही सव्वीस जण. दीडशे मिलिलिटरचा पेला धरला तर पहिल्या फेरीला चार लिटरच्या आसपास लागतं. निम्मे लोक पुन्हा मागतात, म्हणजे एकूण सहा लिटर तयार हवं. घरी पाच लिटर फुल क्रीम घे. त्यात स्निग्धांश सहा टक्के असतो, त्यामुळे फार आटवायला लागत नाही. हे पाच लिटर दोन जाड बुडाच्या पातेल्यांत विभागून चढव. घरच्या गॅसवर एकच मोठं पातेलं आटवायला घेतलंस तर रात्र तिथेच सरेल. दूध ओतण्याआधी पातेल्यात वाटीभर पाणी फिरवून तळाशी थोडं राहू दे, दूध चटकन धरत नाही. पहिली उकळी येईपर्यंत हलू नकोस. मग आच मध्यम ठेवायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याच्या सपाट कडेने तळ पुसून घ्यायचा. पळीने ढवळू नकोस, तिच्या गोलाईत तळाचे कोपरे सुटतात आणि दूध नेमकं तिथेच लागतं. कडेला चढलेली साय पुन्हा आत लोटत राहा. साडेतीन लिटरपर्यंत आलं की पुरे.

संध्याकाळी सहाला हे काम सुरू कर आणि सासूबाईंना पातेल्यापाशी खुर्ची टाकून दे. "घरचंच हवं" म्हणणाऱ्या माणसाला त्याचा मान द्यावा आणि उलथनंही द्यावं. दुपारी आटवून ठेवायचा मोह टाळ. एवढं दूध निवायला तासन्‌तास लागतात, फ्रिजमध्ये पातेलं मावत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कोमट दूध पाच तास ओट्यावर ठेवणं बरं नव्हे.

शेजाऱ्यांचं तीन लिटर आलं की ते यात मिसळायचं. पण थांब, मिसळण्याआधी प्रत्येक पिशवीतलं दोन चमचे दूध कढल्यात उकळून बघायचं. एक जरी पिशवी कलती निघाली तरी सगळं पातेलं नासेल, आणि मग गच्चीवर बसून सव्वीस जणांनी पनीर खायचं. हे तपासायचं काम बिल्डिंगमधल्या सगळ्यात काटेकोर काकांना दे. ते खूश होतील. मग सगळं एकत्र अर्धा-पाऊण तास उकळलं की दूध तयार. साखर साडेतीनशे ग्रॅमपासून सुरू कर, चव बघून वाढव, पण घाल शेवटी. साखर पडली की तळाला धरायची भीती वाढते. साखर घालण्याआधी दोन-तीन पेले दूध वेगळं काढून ठेव. सव्वीस जणांत मधुमेहाचं एकही माणूस नाही असं होत नाही, आणि ते बिचारं मागायला संकोचतं. दूधच न चालणाऱ्यांसाठी चार शहाळी आणून ठेव. कोजागिरीच्या व्रतात नारळाचं पाणी आणि पोहे सांगितलेच आहेत, त्यामुळे ती सोयही होते आणि शास्त्रही.

शास्त्रावरून आठवलं. "को जागर्ति?" म्हणजे "कोण जागं आहे?" असं विचारत लक्ष्मी फिरते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्या श्लोकाचा उरलेला भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. जो जागा राहून फासे खेळतो त्याला मी धन देते, असं ती म्हणते. तेव्हा त्या रात्री पत्ते कुटायला खुद्द लक्ष्मीची परवानगी आहे. सासूबाईंनी नाक मुरडलं तर हे सांग.

पत्त्यांची मला तुझ्या पार्टीत खरी गरज वाटते ती वेगळ्या कारणासाठी. तुझे पाहुणे तीन ठिकाणचे आहेत. मोकळं सोडलंस तर ऑफिसवाले ऑफिसबद्दल बोलत बसतील, बिल्डिंगवाले पाण्याच्या टाकीबद्दल, आणि तुझ्या मैत्रिणी तुझीच वाट बघत कोपऱ्यात. कडेकडेने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यास की दवाखान्याची कळा येते, कुणी जागचा हलत नाही. गच्चीच्या मधोमध चार-पाच सतरंज्या घाल. गुडघेदुखीवाल्यांपुरत्या सहा खुर्च्या, त्याही सतरंजीला लागून. चिठ्ठ्या टाकून सहा-सातांचे चार गट कर, प्रत्येकात तिन्हीकडची माणसं येतील असं बघ. दोन गट बदाम सात खेळतील, दोन गट भेळेचं बघतील, मग अदलाबदल. बदाम सात अशासाठी की तो आठ वर्षांच्या पोरालाही येतो आणि त्यात मोठी माणसं बेमालूम लबाडी करतात. आपला सत्ता दाबून ठेवणाऱ्या साहेबांवर सातवीतली मुलगी ओरडली की मग कुणी परकं राहत नाही.

ओळख करून देताना "हे अमुक, यांच्या ऑफिसातले" एवढ्यावर थांबू नकोस. त्यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि संपलं. "हे दर पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जातात", "या घरी लोणची घालतात, कैरीचं मागून घ्या", असं काहीतरी दे, म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप निघतो. बावीस जणांबद्दल एकेक गोष्ट तुला ठाऊक नसेल तर आधी नवऱ्याला विचारून ठेव. त्यालाही सगळ्यांची ठाऊक नसेल, हा भाग वेगळा.

भेळेचं थोडक्यात. किलोभर कुरमुरे, पाऊण किलो शेव-फरसाण, किलो-किलो कांदा आणि उकडलेला बटाटा, हिरवी आणि चिंच-खजुराची चटणी आदल्या दिवशी करून ठेवलेली. एकदम मोठ्या परातीत कालवायची नाही, पाच मिनिटांत लगदा होतो. सहा-सहा जणांपुरती कालवायची आणि लगेच वाटायची. हे कुणालाही जमतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपलीच सगळ्यात भारी झाली. भांडू देत.

पावभाजी दुपारीच करून ठेव: अडीच किलो बटाटा, दोन किलो टोमॅटो, किलोभर फ्लॉवर, किलोभर मटार. भाजी मुरली की चांगलीच लागते. पाव साठ-सत्तर लागतील. ते भाजायला गच्चीच्या दाराशी छोटी शेगडी आणि तवा मांड आणि तिथे नवऱ्याला उभं कर, सोबत ते "थोडं बसायचं" म्हणणारे दोन मित्र. सत्तर पाव लोण्यावर भाजायचे म्हणजे बसायला सवड मिळत नाही. शेगडीपासून पोरांना लांब ठेवायला सांग, आणि गच्चीच्या कठड्यापासूनही. त्यासाठी एका मोठ्या माणसाची नावानिशी नेमणूक कर. "सगळे लक्ष ठेवू" म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

त्या "बसण्या"चं मात्र स्पष्ट सांग: आज नाही. गच्ची सोसायटीची, मुलंबाळं हजर, सासूबाई दुधापाशी. आपल्या राज्यात दारू प्यायलाही परवाना लागतो, हे किती जणांना आठवतं कोण जाणे. हे सांगायचं काम तुझं नाही, ज्याचे मित्र त्याचं. तेही आधी, फोनवर. दारात उभं राहून सांगितलं की सगळ्यांचाच मूड जातो.

सेक्रेटरींना आठवडाभर आधी लेखी पत्र दे: किती माणसं, किती वाजेपर्यंत, गच्चीची किल्ली कुणाकडे, सकाळी झाडून कोण देणार. आणि त्यांना बोलाव. अकरा जणांत ते नसतील तर तेविसावे म्हणून बोलाव. वर असलेला सेक्रेटरी खालून तक्रार करत नाही. स्पीकर मात्र रात्री दहाला बंद म्हणजे बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपल्या मंडळींच्या भेंड्या त्यात बसतील असं नाही. तेव्हा गाण्याच्या भेंड्या नऊ ते दहा उरकून घ्या आणि दहानंतर पत्ते. शांतपणे भांडता येतात.

निमंत्रणाच्या मेसेजात दोन्ही वेळा लिही: "साडेसातला या, साडेअकराला निघू." संपायची वेळ लिहिणं आपल्याला उद्धट वाटतं, पण बदलापूर-कसाऱ्याच्या माणसाला तीच हवी असते. मनात गाडीचा हिशेब चालू असलेला पाहुणा अर्धाच आलेला असतो. आणि साडेसात म्हटल्यावर माणसं सव्वाआठला येणार हे धरूनच चाल. जे वेळेवर येतील त्यांना कांदा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, पण आपल्याकडे तो समोरच्या टॉवरमागून यायला साडेआठ-नऊ होतात. आदल्या रात्री वर जाऊन बघून ठेव कुठून आणि किती वाजता दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पाऊण-एक तास जास्त लागेल. सतरंज्यांचं तोंड त्या बाजूला कर. साडेदहाला दूध वर आणायचं, नैवेद्य दाखवायचा आणि गच्चीवरचे सगळे दिवे घालवायचे. दहा मिनिटंच. पातेल्यात चंद्र दिसतो का बघायला सगळे वाकतात, कुणाचं तरी डोकं मध्ये येतं, कुणाची तरी ओढणी दुधात जाता जाता वाचते. तुझा फोटो तेव्हा काढून घे. मैत्रिणीला आधीच बजावून ठेव, नाहीतर ती चंद्राचेच काढत बसेल, आणि मोबाइलमध्ये चंद्र ट्यूबलाइटच्या ठिपक्यासारखा येतो.

पेले शेजाऱ्यांकडून स्टीलचे माग. गरम दूध कागदी कपात हाताला चटकतं, आणि थर्माकोलच्या कप-ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. परतताना पेले बदलतात, ते बदलू देत. दुसऱ्या दिवशी त्या निमित्ताने दारं वाजतात.

परतीचा पाऊस आला तर? येऊ शकतो, ऑक्टोबरचा भरवसा नाही. हॉलमधला सोफा आणि टीपॉय बेडरूममध्ये ढकल, त्याच सतरंज्या हॉलमध्ये. सव्वीस माणसं दाटीवाटीने बसतील. पंखा पूर्ण आणि खिडक्या उघड्या. चंद्र नसला तरी पत्ते आहेत. सोफा ढकलायला मात्र दोन दणकट माणसं हेरून ठेव.

आणि एक. तुझ्या पत्रात "घरचे चौघं" म्हणजे तुम्ही दोघं, सासूबाई आणि एक मूल, असं मी धरते. कोजागिरीला आपल्याकडे ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, आश्विनी म्हणतात त्याला. एकुलतं असलं तरी ज्येष्ठच की. साडेदहापर्यंत पोर पेंगलेलं असतं, म्हणून नऊलाच, सगळे जमलेले असताना, सासूबाईंना ओवाळायला लाव. मग तू. ज्येष्ठ म्हणून आलेल्या बाकीच्या पोरांनाही रांगेत बसव. मोठी माणसंही बसतात बघ, पन्नाशीचे साहेबसुद्धा.

तुझी,
मावशी

ता.क. जायफळ सासूबाईंच्या हाती सोपवू नकोस, त्या पिढीचा हात सैल असतो. एवढ्या दुधाला अर्ध्या जायफळाच्या वर नको. जास्त पडलं तर जागरणाच्या रात्री सगळी गच्ची पेंगायला लागेल आणि लक्ष्मीला उत्तर द्यायला सेक्रेटरी एकटेच उरतील.